गाणे आणि गाऱ्हाणे



विडी कामगारांच्या सभांतून आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाने ‘रॅप’ या तरुणांच्या गाण्यावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. शाळेत मी थोडेच शिकलो. उरलेले वाचनालयात आणि मोर्च्यांत शिकलो. परंतु या गाण्याचा इतिहास वाचताना तो मला परका वाटला नाही. ज्याने आपल्या भंडारा जिल्ह्यात दंडार आणि खडी गंमत पाहिली आहे, त्याला ठेक्यावर बोलत बोलत चिमटा काढण्याची ही कला ओळखीचीच वाटेल.

हिप हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला, असे मानतात. शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमावेत म्हणून सिंडी कॅम्पबेल या मुलीने नाचगाण्याचा मेळावा भरविला आणि तिचा भाऊ क्लाइव्ह याने तबकड्या वाजविल्या. भाऊ ‘डीजे कूल हर्क’ म्हणून जगप्रसिद्ध झाला. मेळावा भरविणाऱ्या बहिणीची आठवण मात्र फार थोड्यांनी ठेवली.

आज मला सांगावयाचे आहे ते सोफिया अश्रफ या गायिकेविषयी. ती चेन्नईच्या मुसलमान कुटुंबातली. तरुणपणी ती हिजाब घालून रंगमंचावर उभी राहिली, तेव्हा तिला ‘बुरखा रॅपर’ असे नाव पडले. १९८४ च्या भोपाळ वायुकांडातील अन्यायावर तिने गाणे रचले. पुढे मुंबईत जाहिराती लिहिण्याचे काम केले. माल खपविणारे शब्द कसे घडवितात हे तिथे ती शिकली, आणि तेच शब्द पुढे मालकाला जाब विचारण्यास कामी आले!

प्रकरण असे. तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे ताप मोजण्याच्या काचनळ्या, म्हणजे थर्मामीटर, बनविण्याचा कारखाना होता. त्याची यंत्रसामग्री अमेरिकेतून आलेली. १९८७ मध्ये तो हिंदुस्थान लिव्हरकडे आला. पारा साध्या हवेतही वाफ होऊन श्वासात जातो. २००१ साली पारा असलेल्या फुटक्या काचा गावातील भंगारात सापडल्या, बोभाटा झाला आणि कारखाना बंद पडला. २००३ मध्ये पाराजन्य कचऱ्याचा मोठा साठा अमेरिकेस परत पाठविण्यात आला. कामगारांनी आपल्या आजारांचे गाऱ्हाणे मांडले; त्याचा कामाशी संबंध नाही, असे कंपनी म्हणत राहिली. खटला वर्षानुवर्षे चालला.

जुलै २०१५ मध्ये सोफियाने ‘कोडाईकनाल वोन्ट’ हे गाणे प्रसिद्ध केले. चाल निकी मिनाज या अमेरिकन गायिकेच्या गाजलेल्या गाण्याची. खुद्द मिनाजने ते ट्विटरवरून पुढे पाठविले आणि लाखो लोकांनी पाहिले. मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. मात्र तो माणुसकीच्या भावनेने केला असल्याचे सांगितले.

तर मग हा विजय गाण्याचा काय? माझे उत्तर स्पष्ट आहे: नाही. पंधरा वर्षे कागद सांभाळणारे, तारखांना जाणारे आणि सोबत्यांच्या मरणानंतरही संघटना न मोडणारे कामगार नसते, तर गाण्याला सांगण्यासारखे काही उरलेच नसते. पण दुसरी बाजूही खरी. एका सभेत मी तासभर कायद्याची कलमे सांगत होतो; बाया पेंगत होत्या. तेवढ्यात एका म्हातारीने विड्या नापास करणाऱ्या ठेकेदाराची अशी हुबेहूब नक्कल केली की सारी सभा खडबडून जागी झाली. दुसऱ्या दिवशी निवेदनावर अंगठे देण्यास रांग लागली. कलमे तीच होती. ती ऐकण्याचे मन त्या बाईने तयार केले.

सोफियाने समझोत्यानंतर विषय सोडला नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते. २०१८ मध्ये कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांच्यासह तिने दुसरे गाणे काढले. प्रश्न असा होता: कारखान्याच्या मातीतील पारा काढताना विलायतेत एक माप आणि भारतात दुसरे का?

मित्रहो, आपल्याही जिल्ह्यात मँगनीजच्या खाणी आहेत, तंबाखूची धूळ आहे. श्वास आमच्या माणसांचेही मोलाचे आहेत. आपल्या मुली ठेका धरून काही बोलू लागल्या, तर त्यांना गप्प करण्यापूर्वी त्या काय म्हणतात एवढे ऐकून घ्या.