‘माझं नेहमीच असं’ आणि ‘त्या दिवशी’

जुलैचा पाऊस लागला की आपल्याकडे इर्शाळवाडीचा विषय निघतोच. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली ही ठाकरवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. वाचलेल्यांसाठी चौकजवळ कंटेनरमध्ये निवारा उभा राहिला, पुढे पक्क्या घरांचं काम झालं. पण खचलेल्या मनाचं काय? त्यावरच्या उपायांनाही शंभर वर्षांचा इतिहास आहे.

१९०५ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरोग्यांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायला सुरुवात केली. हेतू होता आरोग्याचे नियम शिकवण्याचा. पण एकमेकांच्या सोबतीनेच रोग्यांना उभारी येते, हे त्यांच्या लक्षात आलं. गटोपचाराची सुरुवात इथून मानतात.

पुढे १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिस यांनी मांडलं की माणूस घटनेपेक्षा तिच्याकडे बघण्याच्या दृष्टीने जास्त खचतो. हा विचार मराठी वाचकांपर्यंत कि. मो. फडके यांनी आणला.

तिसरा धागा आठवणींचा. १९८६ मध्ये मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांना एकेक शब्द देऊन त्यावरून एखादा ठरावीक प्रसंग आठवायला सांगितलं. त्यांना ‘अमक्या दिवशी असं झालं’ हे सांगणं जड गेलं. उत्तरं यायची ती सरसकट, ‘नेहमी असंच होतं’ अशी. मग आठवणी नेमक्या करण्याचा सरावच उपचार म्हणून पुढे आला. युद्धात वडील गमावलेल्या, इराणमध्ये राहणाऱ्या अफगाण मुलांना गटात बसवून पाच आठवडे हा सराव दिला. दोन महिन्यांनी त्यांचं नैराश्य कमी झालेलं दिसलं. २०१३ चा हा प्रयोग लहान होता, पण दिशा दाखवणारा.

हे तिन्ही धागे एकत्र का हवेत? ‘मीच करंटा’ या वाक्याशी वाद घालता येत नाही. ‘त्या रात्री मी वाडीत नव्हतो, म्हणून ते गेले’ याच्याशी घालता येतो. आणि समोर बसलेला जेव्हा म्हणतो, ‘अरे, मी तर तिथेच होतो, मला तरी काय करता आलं?’ तेव्हा ते डॉक्टरच्या सांगण्यापेक्षा जास्त पटतं.

आपल्या कर्जतला हे नवं वाटू नये. डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेचं केंद्र २००६ पासून वेणगावात आहे. २०१८ ला त्यांना मॅगसेसे मिळाला. रस्त्यावर भटकणारे मनोरुग्ण तिथे बरे होऊन आपापल्या घरी जातात. त्यांचे आजार वेगळे, पण गावाचं नाव आठवलं की घरचा रस्ता सापडतो, हे आपण इथेच पाहिलंय.

म्हणून मागणी साधी आहे. कर्जत आणि खालापूरच्या सरकारी दवाखान्यांत आठवड्यातून एक दिवस, प्रशिक्षित समुपदेशकासोबत असा गट बसावा. दरडग्रस्तांसाठी, आणि घरातल्या घरात खचत चाललेल्या प्रत्येकासाठी. नैराश्य जास्त असेल तर डॉक्टर आणि औषधं हवीतच. गट त्यांच्या जोडीला.

तोवर सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. वाडीवस्तीवरच्या ग्रुपमध्ये हा नंबर तेवढा पुढे पाठवा.