कापरेकर स्थिरांक (६१७४)

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ मध्ये शोधलेला संख्यांचा गुणधर्म. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करावेत आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. फार तर सातव्या वजाबाकीला ६१७४ येते आणि पुढे बदलत नाही, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेले डहाणू १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. त्यामुळे पालघर तालुक्यातल्या माकुणसारच्या मुलांसाठी हा गणिती आता आपल्याच जिल्ह्याचा. ही दोन सालेच फळ्यावर घेऊन पाहावीत. १९०५ चे ९५१० − ०१५९ = ९३५१; मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्यांदा ६१७४. २०१४ चे ४२१० − ०१२४ = ४०८६ आणि पुढच्याच पायरीला ८१७२. तिथून दोघांची वाट एकच.

मुले चुकतात ती शून्यापाशी. १००० मधून ०००१ गेल्यावर ९९९ उरतात. ते ०९९९ असेच लिहायला हवेत. शून्य गाळले तर पुढची वजाबाकी शून्यावर येते आणि नियमच खोटा वाटू लागतो.

यामागचे कारण आठवी-नववीच्या बीजगणितात बसते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतला फरक अ आणि मधल्या दोन अंकांतला फरक ब धरला, तर उत्तर नेहमी ९९९अ + ९०ब येते. अ १ ते ९ असू शकतो आणि ब कधीही अ पेक्षा मोठा नसतो, म्हणून पहिल्या वजाबाकीनंतर फक्त ५४ उत्तरे संभवतात. ती सगळी तपासणे एका वर्गाला सहज जमते. तीन अंकी संख्या अशाच ४९५ वर थांबतात. दोन अंकी मात्र ०९, ८१, ६३, २७, ४५ या फेऱ्यात फिरत राहतात.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कापरेकरांनी १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवले. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग बेरजेने मूळ संख्या देतात, ती कापरेकर संख्या : ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५. आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. हे नाव त्यांच्या स्वभावाला शोभते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले.

हातच्याची वजाबाकी पक्की करायला याहून चांगला सराव प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही. मात्र एक आकडेमोड चुकली तरी ती पुढे सांभाळून घेतली जाते आणि मूल बहुधा ६१७४ लाच पोहोचते, म्हणून प्रत्येक पायरी शेजारच्या मुलाकडून तपासून घ्यावी. वाचकाने आपल्या जन्मसालापासून सुरुवात करावी.