आजीचा अंगठा

भगिनींनो, स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी सातवी शिकलेली. इतिहास लिहायचा तो राजेरजवाड्यांचा, असे वाटे. पण प्रत्येक घराला इतिहास असतो आणि म्हातारपणी आपल्या ताटात काय पडते, ते त्यावरच ठरते. म्हणून आमच्या सातारकडच्या घराची हकिगत सांगते.

माझ्या आजीची आई १९३३ च्या सुमारास विधवा झाली. पदरी तीन वर्षांची मुलगी. त्या काळी एकत्र कुटुंबातल्या विधवेला अन्नवस्त्रापलीकडे काही नसे. १९३७ साली कायदा झाला आणि विधवेला नवऱ्याच्या वाट्यात हक्क मिळाला. पण तोही हयातीपुरता आणि आधीच विधवा झालेल्यांना नाहीच. पणजीने जन्मभर दिरांच्या घरी राबून भाकरी खाल्ली. हातपाय थकल्यावर औषधाच्या पुडीसाठीसुद्धा तिला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागे.

हे सगळे आजीने लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते. तीही १९५८ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, विधवा झाली. पण मध्ये १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आला होता. त्याने विधवेला मुलांच्या बरोबरीने वाटा दिला आणि तोही पुऱ्या मालकीचा. दीर कागद घेऊन आले, "वैनी, अंगठा द्या, पोरांचं आम्ही बघतो." आजी म्हणाली, "माझ्या आईनं दुसऱ्याच्या चुलीकडं बघून जन्म काढला. अंगठा मी देणार न्हाई."

सातबाऱ्यावर तिचे नाव लागले. २००९ साली ती गेली, तोवर भुईमुगाचे पैसे तिच्या कनवटीला असत. नातवंडांना खाऊ ती देई, डॉक्टरचे पैसेही तीच देई. सुना तिला विचारल्याशिवाय बी पेरू देत नसत. मायेला पैसा लागत नाही हे खरे. पण हाती काही असले म्हणजे माणूस मान वर करून माया घेऊ शकते.

२०१९ साली माझे वडील वारले. भावाने हक्कसोडपत्र आणले, माझे आणि आईचेही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे, हे मला ठाऊक होते. तरी माहेर तुटू नये म्हणून मी माझी सही दिली. आईची मात्र देऊ दिली नाही. दोन भाऊबीजा भाऊ आला नाही. आईही माझ्यावर रुसली. आज ती स्वतःच्या नावच्या घरात ओसरीवर बसते आणि भाऊही येऊन तिला विचारून कामे करतो. माझी सही बरोबर की चूक, हे मला अजून उमगलेले नाही.

२००७ च्या कायद्याने म्हाताऱ्या आईबापांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. पण पोटच्या पोरावर अर्ज करणे कोणत्या आईला जमेल? त्यापेक्षा आधीच सावध राहिलेले बरे. भगिनींनो, घरच्या कागदावर आपले नाव आहे का, एवढे यंदा पाहून ठेवा. वाचल्याशिवाय सही करू नका. आजीला तर वाचताही येत नव्हते. पण आईचे हाल ती विसरली नव्हती.