शस्त्राविना राज्य

ख्रिस्ती धर्म हा अहिंसेचा धर्म आहे काय, असें कोणीं विचारलें तर त्याचें उत्तर त्या धर्माच्या ग्रंथांत शोधावें कीं इतिहासांत, येथूनच अडचणीला आरंभ होतो. ग्रंथांत पाहावें तर शत्रूवरहि प्रेम करण्याची आज्ञा स्वच्छ शब्दांत आहे. इतिहासांत पाहावें तर क्रुसेडांपासून विसाव्या शतकांतील दोन महायुद्धांपर्यंत ख्रिस्ती राष्ट्रांनीं रक्ताचे पाट वाहविलेले दिसतात, आणि सैन्यांना आशीर्वाद देण्यास धर्मगुरूंची वाण कधीं पडलेली दिसत नाहीं. हें अंतर पाहून पुष्कळ लोक असा निकाल देतात कीं, गिरिप्रवचनांतील उपदेश एकट्यादुकट्या साधूसाठीं आहे, संसारी माणसांसाठीं नाहीं, आणि राज्यकर्त्यांसाठीं तर मुळींच नाहीं.

असे एकटे साधु पुष्कळ झाले. इ. स. २९५ सालीं उत्तर आफ्रिकेंत मॅक्सिमिलियन नांवाच्या एकवीस वर्षांच्या तरुणानें, आपण ख्रिस्ती आहों एवढेंच कारण सांगून, रोमन सैन्यांत दाखल होण्याचें नाकारलें व त्याबद्दल आपलें शिर दिलें. अशीं उदाहरणें वंदनीय आहेत. परंतु त्यांनीं वरील प्रश्न सुटत नाहीं. ज्याला केवळ स्वतःचाच प्राण द्यावयाचा आहे त्यानें शस्त्र न उचलणें निराळें, आणि ज्याच्या भरंवशावर हजारों कुटुंबें अरण्याच्या कडेला झोंपलीं आहेत त्यानें तें न उचलणें निराळें. हा दुसरा प्रयोग इतिहासांत एकदां मोठ्या प्रमाणावर झाला. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया वसाहतींत १६८२ पासून सुमारें पाऊणशें वर्षें राज्यकारभाराचीं सूत्रें बहुतांशीं अशा लोकांच्या हातीं होतीं कीं, ज्यांना युद्ध हेंच पाप वाटत असे. तो प्रयोग फसला असें सामान्यतः सांगण्यांत येतें. तो कोठें फसला याविषयीं आमचें मत थोडें वेगळें आहे, म्हणून ती हकीकत येथें देत आहों.

हे लोक म्हणजे क्वेकर. ते स्वतःस ‘मित्रसमाज’ म्हणवीत. सतराव्या शतकाच्या मध्यास, इंग्लंडांत राजा आणि पार्लमेंट यांच्या झगड्यानें देश होरपळून निघाला असतां, जॉर्ज फॉक्स नांवाच्या एका कोष्ट्याच्या मुलानें हा पंथ काढला. प्रत्येक मनुष्याच्या अंतःकरणांत ईश्वराचा प्रकाश आहे, हें त्याचें मुख्य सूत्र. त्याच्या उपासनेंत पाद्री नाहीं, मंत्र नाहीं, बहुतेक वेळ मौनच. आपल्याकडील संतांच्या परंपरेंत वाढलेल्या वाचकांस यांत परकें असें फारसें कांहीं वाटणार नाहीं. ज्याच्या अंतरांत ईश्वर आहे त्याच्यावर तलवार चालवावी तरी कशी, हा पुढचा विचार ओघानेंच आला. १६५१ सालीं डर्बीच्या तुरुंगांत असतांना फॉक्सला सैन्यांतील अधिकाराची जागा देऊं केली गेली, ती त्यानें नाकारली व तुरुंगवास वाढवून घेतला. पुढें दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर या समाजानें राजाला लेखी कळविलें कीं, कोणत्याहि कारणासाठीं, मग तें धर्मराज्याचें कां असेना, आम्ही शस्त्र धरणार नाहीं.

विल्यम पेन हा या समाजांत आला तो १६६७ च्या सुमारास. त्याचा बाप आरमाराचा सेनापति. १६५५ सालीं जमेका बेट इंग्रजांनीं घेतलें त्या मोहिमेचा एक नायक. बापाचे राजाकडे सोळा हजार पौंड येणें होतें. राजाजवळ रोकड नेहमींच कमी आणि अमेरिकेंतील जमीन, दुसऱ्याची असल्यामुळें, अमर्याद. तेव्हां १६८१ च्या मार्चमध्यें कर्जाच्या फेडीदाखल त्यानें मुलाला एक विस्तीर्ण प्रदेश सनदेनें देऊन टाकला. गंमत अशी कीं, या सनदेंत पेनला सैन्य उभारण्याचा व युद्ध करण्याचा अधिकारहि स्पष्टपणें दिलेला आहे. ज्यानें तो वापरावयाचाच नाहीं अशी शपथ, चुकलों, क्वेकर शपथ घेत नाहींत, असा निश्चय केलेला होता, त्याच्याच हातीं तो कागद पडला.

पेनचें मोठेपण आमच्या मतें यांत आहे कीं, राजानें दिलेली जमीन ही राजाची नव्हतीच, हें त्यानें ओळखलें. त्या नदीकांठीं लेनापे नांवाचे मूळ रहिवासी राहत असत. इंग्रज त्यांना डेलावेअर म्हणत. १६८१ च्या ऑक्टोबरमध्यें, स्वतः जाण्यापूर्वींच, पेननें त्यांना पत्र पाठवून, तुमच्या संमतीनें व मैत्रीनें येथें राहण्याची इच्छा आहे असें कळविलें. दुसऱ्या वर्षीं तो गेला आणि जी जमीन कागदोपत्रीं त्याचीच झाली होती ती त्यानें लेनाप्यांकडून मोल देऊन पुन्हां विकत घेतली. गोरा व लेनापे यांच्यांत तंटा झाल्यास सहा गोरे व सहा लेनापे अशा बारा जणांनीं निवाडा करावा, अशी योजनाहि त्यानें केली होती. शॅकमॅक्सन येथील एल्म वृक्षाखालीं लेनाप्यांचा नायक तामानेंद याच्याशीं त्यानें तह केला अशी परंपरा आहे. त्या तहाचा कागद उपलब्ध नाहीं. तो वृक्ष मात्र १८१० च्या वादळांत पडेपर्यंत लोक दाखवीत असत. शपथेवांचून झालेला आणि कधींहि न मोडलेला असा हा एकच तह, अशा आशयाची स्तुति व्हॉल्टेअरनें केली आहे. कोणत्याहि पंथाची थट्टा केल्याशिवाय ज्याला राहवत नसे त्याचें हें प्रशस्तिपत्र लक्षांत ठेवण्याजोगें आहे. तह कधींच मोडला नाहीं हें मात्र पुढें खरें राहिलें नाहीं.

या काळांत शेजारच्या वसाहतींत काय चाललें होतें? १६७५–७६ सालीं न्यू इंग्लंडांत मूळ रहिवाशांशीं भयंकर युद्ध झालें; व्हर्जिनियांतहि रक्तपात झाला. पेनसिल्व्हेनियांत १७५५ पर्यंत सरकारी सैन्य असें नव्हतेंच, आणि तरीहि सरहद्दीवर मोठें युद्ध झालें नाहीं. हें केवळ दैवयोगानें घडलें असें म्हणणारे इतिहासकार आहेत, आणि त्या भागांतील लेनाप्यांचें संख्याबळ रोगराईनें आधींच खचलें होतें हेंहि खरें. पण शेजाऱ्यांची फसवणूक झाली नाहीं, हें कारण आम्हांस अधिक वजनदार वाटतें.

निर्मळतेच्या या चित्रावर डाग नव्हते असें मात्र नाहीं. पेननें स्वतः गुलाम बाळगले. १६८८ सालीं जर्मनटाउन येथील कांहीं सामान्य माणसांनीं गुलामगिरीविरुद्ध लेखी तक्रार केली, तेव्हां मित्रसमाजाच्या सभांनीं ती एकीकडून दुसरीकडे ढकलून दिली. आणि इंग्लंडच्या राजाला युद्धासाठीं पैसे हवे असत तेव्हां कायदेमंडळाची तारांबळ पहावी! युद्धासाठीं पैसा देणें पाप. न देणें म्हणजे राजाचा रोष. मग ‘राजाच्या उपयोगासाठीं’ म्हणून रक्कम मंजूर व्हावयाची आणि तो उपयोग कोणता हें कोणीं विचारावयाचें नाहीं. बेंजामिन फ्रँकलिननें आपल्या आत्मचरित्रांत दिलेला किस्सा प्रसिद्ध आहे: दारूगोळ्यासाठीं मागणी आली असतां मंडळानें पीठ, गहूं ‘अथवा इतर दाणे’ यांसाठीं रक्कम दिली, आणि गव्हर्नरानें त्या ‘इतर दाण्यां’चा अर्थ बंदुकीची दारू असा करून ती खरेदी केली, कोणीं हरकत घेतली नाहीं. किस्सा वाचून हंसूं येतें. पण व्रताचा देह राहून प्राण जाऊं लागला कीं अशाच युक्त्या सुचतात.

प्राण गेला तो मात्र पिठांत नव्हे, जमिनींत. पेन १७१८ सालीं वारला. त्यापूर्वीं कर्जापायीं त्याला तुरुंगहि पाहावा लागला होता. मालकी त्याच्या मुलांकडे आली. मुलांना बापाचें कर्ज वारशानें मिळालें, बापाची श्रद्धा मिळाली नाहीं. जमीन विकून पैसा उभा करावयाचा तर आधीं ती लेनाप्यांकडून घ्यावयास हवी. तेव्हां १६८६ सालचें म्हणून एक खरेदीखत पुढें करण्यांत आलें. मनुष्य दीड दिवसांत जितका चालून जाईल तेथवरची जमीन पेनला दिली आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला. लेनाप्यांचा वृद्ध नायक न्युतिमस याला तें पटलें नाहीं; पण अखेर नाइलाजानें मान्यता द्यावी लागली. त्यांची समजूत अशी कीं, मनुष्य चालतो तसा चालेल: दुपारीं जेवेल, विडी ओढील, नदीकांठानें जाईल. मालकांनीं आधींच रानांतून वाट साफ करून घेतली, तिघे निवडक धावपटू हुडकून काढले आणि बक्षीस लावलें. १७३७ च्या १९ सप्टेंबरला सूर्योदयाबरोबर ते निघाले. दोघे वाटेंत गळाले. तिसरा, एडवर्ड मार्शल, दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत साठ मैलांहून अधिक अंतर तोडून पडला. बरोबरचे लेनापे, हे चालत नाहींत, पळताहेत, असें म्हणत मध्येंच परत फिरले. एवढ्यानेंहि पोट भरलें नाहीं म्हणून शेवटच्या बिंदूपासून नदीकडे जी रेषा ओढावयाची तीहि अशी तिरकी ओढली कीं, लेनाप्यांची लक्षावधि एकर जमीन तिच्या पोटांत गेली. या व्यवहाराची आंखणी ज्यांनीं केली त्यांतील प्रमुख जेम्स लोगन हा मित्रसमाजाचाच सभासद होता. त्या दीड दिवसांत कोणाच्या अंगावर ओरखडाहि उठला नाहीं. क्वेकरांचें व्रत अक्षरशः पाळलें गेलें होतें.

अठरा वर्षांनीं त्याचा हिशेब झाला. १७५५ च्या जुलैंत ब्रॅडॉक या इंग्रज सेनापतीचा फ्रेंचांनीं व त्यांच्या इंडियन दोस्तांनीं धुव्वा उडविला, आणि ऑक्टोबरांत लेनाप्यांच्या टोळ्या सरहद्दीवर कोसळल्या. घरें जळालीं, बायकामुलें मारलीं गेलीं किंवा धरून नेलीं गेलीं. मारले गेले ते बहुतेक जर्मन आणि आयर्लंडांतून आलेले गरीब शेतकरी. जमिनीच्या व्यवहारांत त्यांचा हात नव्हता, आणि फिलाडेल्फियाच्या विटांच्या घरांत बसून शांततेचा उपदेश करण्याची त्यांना सोयहि नव्हती. एका जमावानें आपल्या माणसांचीं प्रेतें गाड्यांत घालून राजधानींत आणलीं. त्या लोकांचा क्रोध अन्यायाचा होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. तुमच्या सदसद्विवेकाची किंमत आम्हीं कां मोजावी, हा त्यांचा सवाल होता, आणि अहिंसेच्या कोणत्याहि उपासकाला तो टाळतां येणार नाहीं.

कायदेमंडळानें संरक्षणासाठीं साठ हजार पौंड मंजूर केले. मंजूर करणारांत बहुसंख्य क्वेकरच होते. तेव्हां जॉन वुलमन नांवाच्या, न्यू जर्सींतील एका शिंप्यानें व त्याच्या कांहीं सोबत्यांनीं समाजास पत्र लिहून कळविलें कीं, हा कर आम्हांला देतां येत नाहीं. १७५६ च्या एप्रिलांत गव्हर्नरानें लेनाप्यांशीं युद्ध पुकारलें आणि डोक्याच्या कातडीला दर लावला: बारा वर्षांवरील पुरुषाची असेल तर १३० डॉलर, बाईची असेल तर ५०. ज्या प्रांताच्या पहिल्या पत्रांत प्रेमाची भाषा होती त्याच्याच सरकारी जाहिरनाम्यांत हा दर छापला गेला. जूनमध्यें सहा क्वेकर सभासदांनीं राजीनामे दिले, आणि मंडळांतील क्वेकरांचें बहुमत संपलें.

येथें प्रयोग संपला असें इतिहासाचीं पुस्तकें सांगतात. आम्हांस तेथूनच त्याचा अधिक खरा भाग सुरू झालेला दिसतो. अधिकार सुटल्यावर या लोकांनीं प्रथमच विचारलें कीं, लेनापे आपल्यावर कां उठले? इझ्राएल पेंबर्टन या व्यापाऱ्याच्या पुढाकारानें त्यांनीं एक मंडळी स्थापून स्वतःच्या पैशानें तहाच्या वाटाघाटी चालविल्या. १७५६ च्या नोव्हेंबरमध्यें ईस्टन येथील बैठकींत लेनाप्यांचा पुढारी टीडयस्कंग यानें, ज्या जमिनीवर आपण उभे आहों तीच कपटानें घेतलेली आहे, असें गव्हर्नराच्या तोंडावर सांगितलें. क्वेकरांनीं त्याची बाजू उचलून धरली आणि आपल्याच गुरुबंधूच्या मुलांचा रोष पत्करला. १७५८ च्या ईस्टनच्या तहानें पश्चिमेकडील लेनापे फ्रेंचांपासून अलग झाले. त्याच वर्षीं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनें, वुलमनच्या आग्रहावरून, गुलामांची खरेदीविक्री करणाऱ्या सभासदांना समाजाच्या कामकाजांतून दूर ठेवण्याचें ठरविलें. सत्तर वर्षांपूर्वीं जर्मनटाउनच्या तक्रारीला जें उत्तर मिळालें नव्हतें, तें राज्य गेल्यावर मिळालें.

१७६३ च्या जूनमध्यें, पश्चिमेला पुन्हां युद्ध भडकल्याची बातमी आली असतां, हाच वुलमन सस्क्वेहाना नदीवरील वायलूसिंग या इंडियन गांवीं जाण्यास निघाला. पाऊस, निसरडे डोंगर, आणि बरोबर शस्त्र कांहीं नाहीं. वाटेंत एका रात्रीं झोंपडीबाहेर एक मनुष्य कुऱ्हाड लपवून उभा होता; वुलमन त्याच्याकडे गेला, दोन शब्द बोलला, आणि दोघे आंत जाऊन बसले. गांवांत पोंचल्यावर त्यानें एका सभेंत, दुभाष्याला थांबवून, आपल्याच भाषेंत प्रार्थना केली. तेथील नायक पापुनहंक यानें मागाहून असा अभिप्राय दिला कीं, शब्द न कळले तरी त्यांचा उगम आपल्याला जाणवतो. वुलमन चार दिवस राहिला व परतला. या प्रवासानें युद्ध थांबलें नाहीं.

त्याच वर्षाच्या १४ डिसेंबरला पॅक्सटन भागांतील सशस्त्र टोळीनें कॉनेस्टोगा येथील सहा निरुपद्रवी इंडियनांची कत्तल केली, आणि उरलेले चौदा, त्यांत मुलेंहि होतीं, लँकॅस्टर गांवीं सरकारी आश्रयास ठेवले होते, त्यांना २७ तारखेस तेथेंच ठार केलें. ते लोक पेनशीं झालेल्या तहाचा कागद पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवीत आले होते. मारेकरी स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत आणि बायबल वाचीत. एकालाहि शिक्षा झाली नाहीं.

फेब्रुवारी १७६४ मध्यें ते फिलाडेल्फियावर चालून आले. शहरांतील बराकींत सुमारें १४० ख्रिस्ती इंडियन आश्रयास होते; तेच त्यांना हवे होते. आतां काय करावयाचें? नगरवासी शस्त्रें घेऊन उभे राहिले, आणि त्यांत मित्रसमाजाचे सुमारें दोनशें तरुणहि बंदुका घेऊन दाखल झाले. ज्या सभागृहांत मौनाची उपासना चालत असे तेथें थंडीपावसांत पहारेकऱ्यांना आसरा दिला गेला. टोळी जर्मनटाउनपर्यंत येऊन थांबली, बोलणीं झालीं, आणि गोळी न सुटतां ती परत गेली. बराकींतील माणसें वांचलीं.

सभेनें त्या तरुणांची चौकशी करण्यास एक समिति नेमली. समितीचे वृद्ध सभासद कांहीं वर्षें एकेकाच्या घरीं जात राहिले. कित्येकांनीं चूक झाली असें कबूल केलें. कित्येकांनीं, पुन्हां तसाच प्रसंग आल्यास आपण पुन्हां बंदूक उचलूं, असें सांगितलें. युद्धाला पाप मानणाऱ्या त्या समाजानें या कारणावरून त्यांतील कोणालाहि वाळींत टाकलें नाहीं.