जळित, उसातील व माळरानातील (बारामती–इंदापूर)

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर तालुक्यांत उभ्या उसाला, तोडणीनंतरच्या पाचटाला आणि गवताळ माळाला लागणाऱ्या किंवा लावल्या जाणाऱ्या आगी. सह्याद्रीतील वणव्यांहून त्या वेगळ्या आहेत. येथे झाडोरा विरळ आहे आणि जळते ते बहुतेक पीक, पाचट किंवा गवत.

पूर्वपीठिका : १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि पुढे या कोरडवाहू मुलखात ऊस स्थिरावला. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने इंदापूरचा भीमाकाठही बागायती केला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांभोवती बांधाला बांध लागून ऊस उभा राहिला. अशा पट्ट्यात पेटलेल्या फडाला रस्ता किंवा चारीच काय ती आड येते.

जळित ऊस : लोंबत्या वीजतारांच्या घर्षणाची ठिणगी आणि शेजाऱ्याने पेटवलेले पाचट ही नेहमीची कारणे. तोड लवकर मिळावी किंवा कोयता सहज चालावा म्हणूनही फड पेटवला जातो. पुढाकार शेतकऱ्याचा की तोडणी मजुरांच्या टोळीचा, याबाबत दोन्ही बाजू वेगळे सांगतात. राज्यात सुमारे १३७ लाख टन साखर झालेल्या २०२१–२२ च्या हंगामासारख्या वर्षी, ऊस शिल्लक राहण्याच्या धास्तीने, हा प्रकार वाढतो. जळालेल्या कांड्यातील साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन होते, ल्यूकोनोस्टॉक जिवाणू डेक्स्ट्रान तयार करतात, रस चिकट होतो आणि वजन रोज घटते. म्हणून असा ऊस एक-दोन दिवसांत गाळावा लागतो व त्याच्या दरात कपात होते. शेतातील ठिबकच्या नळ्या वितळतात, तो खर्च वेगळाच.

पाचट : नुकसान सर्वांत मोठे येथे होते आणि ते पंचनाम्यात कधीच येत नाही. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. काडी लावली की पालाशाचा काही भाग राखेत उरतो; नत्र व कर्ब मात्र धुरावाटे निघून जातात. कालव्याच्या पाण्याने चोपण झालेल्या जमिनींना नेमका कर्बच हवा असतो. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो कुजविणारे जिवाणू-संवर्धक सरीतच दिले, तर खोडव्याला आच्छादन व खत दोन्ही मिळते आणि उन्हाळ्यातील पाण्याच्या पाळ्या वाचतात. पाचटातून खत पेरणे अवघड, म्हणून पाचट जाळतात, ही अडचण खरी आहे. माळेगाव खुर्द येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने (स्थापना २००९) त्यासाठी ‘सॉर्फ’ यंत्र विकसित केले. ते बुडखे छाटते, वरंब्याची बगल फोडते, जुनी मुळे तोडते आणि खत मातीआड करते. पाचट शेतातच राहते. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्याने ऊस जाळणे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा २००२ मध्ये केला. तेथे बदल घडला तो यांत्रिक तोडणीच्या जोरावर. आपल्याकडील लहान तुकड्यांवर तो जसाच्या तसा लागू पडणार नाही.

मजूर : ऊसतोड कामगारांच्या कोपींत (झोपड्यांत) पाचट आणि चूल हाताच्या अंतरावर असतात, त्यामुळे तेथेही आगीची भीती असते.

अग्निशमन : नगरपरिषद, औद्योगिक वसाहत व कारखान्यांचे बंब.

माळराने : बारामती तालुक्यातील सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य (१९९७; ५.१४ चौ. किमी) चिंकारांसाठी राखलेले आहे. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या माळावर लांडगा, खोकड व तरस आढळतात. नवे गवत फुटावे म्हणून माळ जाळण्याची जुनी रीत आहे. तिच्या परिणामांबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. मार्चनंतरची आग मात्र घातकच, कारण माळटिटवी व धाविक तेव्हा उघड्या जमिनीवर अंडी घालतात. वनविभागाचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो, त्यामुळे जाळरेषा (आग अडवण्यासाठी साफ केलेले पट्टे) त्याआधीच काढाव्या लागतात.