गारव्याची वाटणी

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला वाटणी म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी ते शिक्षण त्याला दिले आहे. पाट सुटला, की पाटातून चारीत, चारीतून शेतात आणि शेतात एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी फिरवावयाचे, याला आमच्याकडे दारे धरणे म्हणतात. वाफा भरला, की त्याचे तोंड मातीने बुजवावयाचे आणि पुढच्याचे फोडावयाचे. रात्री कंदील, आता बॅटरी, घेऊन चिखलात उभे राहणारा तो माणूस पाणी निर्माण करीत नाही. पण तो डुलकी घेईल, तर धरण भरलेले असूनही पीक वाळते.

आज ज्या वाऱ्याविषयी लिहावयाचे आहे, तो डोळ्यांना दिसत नाही एवढेच. वाटणीचा कायदा त्याला हाच लागू आहे. मोठ्या इमारतींत एका ठिकाणी हवा थंड करतात आणि पत्र्याच्या बंद पाटांतून ती खोल्याखोल्यांत पोचवितात. या पाटांना डक्ट म्हणतात. हवा गार करण्याची विद्या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी हस्तगत केली. ती कोणत्या खोलीला किती द्यावी आणि कोणत्या खोलीला मुळीच देऊ नये, ही विद्या मात्र त्याला फार हळूहळू साधत गेली. तिचा इतिहास मोठा मौजेचा आहे.

जुन्या काळी हा प्रश्नच नव्हता. कारण गारवा जागच्या जागी असे आणि माणूस त्याच्याकडे जाई. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात, जेथे आज गिरिजात्मजाचे स्थान आहे, तेथे मधे एकही खांब नसलेले प्रशस्त दालन आणि त्याच्या तीन बाजूंना वीस खोल्या आहेत. लेण्यांचे तोंड दक्षिणेला. भर उन्हात पायऱ्या चढून आलेल्या माणसाला आत पाऊल टाकताच जो गारवा भेटतो, तो डोंगराने सांभाळून ठेवलेला असतो. एवढ्या जाडीच्या दगडाला दिवसाचे ऊन आणि रात्रीची थंडी यांची फारशी खबरच लागत नाही. आमच्या वाड्यांतही हीच रीत होती. दुपारी माजघर, संध्याकाळी ओसरी, रात्री अंगण. घर तेच, पण माणसे घड्याळाप्रमाणे त्यात सरकत असत. माझ्या शाळेत पश्चिमेकडची खोली मार्चमध्ये दुपारी तापू लागते. मग तेथला वर्ग आम्ही पूर्वेकडच्या खोलीत हलवितो. याला खर्च येत नाही. बाके उचलावी लागतात, इतकेच.

पण जेथे माणसाला हलता येत नाही, तेथे काय करावे? या प्रश्नाचे पहिले चांगले उत्तर एका शिक्षकाने शोधले, हे सांगताना मला व्यवसायबंधूचा अभिमान वाटतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर या गावच्या अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. तेथे प्रश्न थंडीचा होता. शिपायाने प्रत्येक वर्गात डोकावून तो गरम झाला की गार पडला ते पाहावे, मग तळघरात उतरून त्या वर्गाकडे जाणाऱ्या उष्ण हवेची झडप कमीअधिक करावी, अशी पद्धत. दर वेळी दार उघडले, की शिकविण्याचा धागा तुटे. जॉन्सनने विजेवर चालणारे असे साधन बनविले, की वर्गाचे तापमान बदलताच तळघरात घंटा वाजावी आणि शिपायाला वर येण्याचे कारणच पडू नये. 1883 साली त्याला त्याचा एकाधिकार मिळाला. पुढे 1895 मध्ये त्याने दाबलेल्या हवेच्या जोरावर खोलीखोलीचे तापमान वेगवेगळे राखणारी व्यवस्था केली. म्हणजे दारे धरणारा माणूस गेला आणि वाफा स्वतःच 'मी भरलो' असे सांगू लागला.

हवा गार करणारे यंत्र त्यानंतरचे. 1902 साली विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी त्याची आखणी केली, तीही माणसांच्या सुखासाठी नव्हे. दमट हवेत कागद फुगे आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसेना, म्हणून. पुढे हा गारवा करमणुकीच्या घरांत शिरला. मुंबईला कुलाब्याच्या नाक्यावर 1933 साली रीगल चित्रपटगृह उघडले, ते वातानुकूलित होते. पण चित्रपटगृह म्हणजे एकच प्रचंड वाफा. सगळे एका वेळी येतात, एका वेळी जातात. खरी पंचाईत झाली ती पुष्कळ खोल्यांच्या कचेऱ्यांत.

सकाळी ऊन पूर्वेच्या खोल्यांत असते, दुपारी पश्चिमेच्या. एका खोलीत सभा भरलेली, शेजारची रिकामी. सगळ्यांना सारखी हवा दिली, तर एकाला घाम फुटतो आणि दुसरा शाल मागतो. यावर विसाव्या शतकाच्या मध्याला जो तोडगा रूढ होता, तो ऐकून आमचा शेतकरी कपाळाला हात लावील. सर्वांत तापलेल्या खोलीला पुरेल इतकी थंड हवा सगळ्या खोल्यांना पाठवावयाची आणि ज्यांना ती सोसवत नाही, त्यांच्या दाराशी ती पुन्हा तापवून द्यावयाची! आधी पैसे देऊन गार करणे, मग पैसे देऊन गरम करणे. इंधन स्वस्त होते तोवर हे चालले. 1973 मध्ये तेलाचे भाव भडकले आणि ही चैन डोळ्यांवर आली.

आजची रीत सरळ आहे. डक्टच्या प्रत्येक फाट्यात एक झडप, कारागीर तिला डँपर म्हणतात. प्रत्येक खोलीत एक थर्मोस्टॅट. खोली पुरेशी गार झाली, की झडप मिटते. पण येथे एक खोच आहे आणि ती पाटाकाठच्या माणसाला चटकन कळेल. साऱ्या चाऱ्यांची दारे मिटली आणि पाट तसाच वाहता राहिला, तर तो कोठेतरी फुटणारच. तसेच, झडपा मिटत गेल्या आणि पंखा त्याच वेगाने फिरत राहिला, तर डक्टमध्ये दाब वाढतो. उघड्या जाळ्यांतून शिटी वाजते, सांध्यासांध्यांतून गार हवा छतात गळते, आणि यंत्राच्या थंड नळ्यांवरून पुरेशी हवा न वाहिल्याने त्यांवर बर्फ साचू शकतो. म्हणून नुसत्या न लागणाऱ्या खोल्यांच्या जाळ्या बंद केल्याने वीज वाचतेच असे नाही. यावर जुना उपाय म्हणजे सांडवा: जास्तीची थंड हवा आडवाटेने परत यंत्राकडे. तो यंत्र वाचवितो, वीज नव्हे. खरा उपाय वरच्या दारातच आहे, तो म्हणजे मागणी घटली की पंख्याचा आणि यंत्राचा वेग कमी करणे. याचे गणित फार उदार आहे. पंख्याचा वेग निम्मा केला, की हवा निम्मी होते. पण त्याला लागणारी शक्ती, तत्त्वतः, एक अष्टमांशावर येते. वेग पाच भागांतून एकच भाग कमी केला, तरी शक्ती जवळजवळ निम्मी होते. शिवाय पूर्व आणि पश्चिम एकाच वेळी तापत नसल्यामुळे, सगळ्या खोल्यांच्या कमाल गरजांची बेरीज करून भले मोठे यंत्र घ्यावे लागत नाही.

हे सारे मुंबईच्या काचेच्या इमारतींपुरते आहे, असे कोणी समजू नये. द्राक्षाच्या हंगामात नारायणगावच्या बाजूला एखाद्या शीतगृहात डोकावावे. तोडलेल्या द्राक्षाच्या अंगात उन्हाची ऊब असते. ती काही तासांत काढली नाही, तर देठ तपकिरी पडतो आणि कित्येक आठवड्यांच्या समुद्रप्रवासात माल हातचा जातो. म्हणून पूर्वशीतनाची खोली निराळी आणि साठवणीची निराळी. पूर्वशीतनाच्या खोलीत भोके पाडलेल्या पेट्यांच्या दोन ओळी रचतात, मधली गल्ली वरून ताडपत्रीने झाकतात आणि एका टोकाला पंखा हवा ओढतो. मग थंड हवेला पेट्यांच्या पोटातूनच जावे लागते. ताडपत्री एका कोपऱ्यात उचललेली राहिली, की वारा तेवढ्याच फटीतून निघून जातो आणि पेट्या उबदारच राहतात. वारा पाण्यापेक्षाही आळशी. सोपी वाट मिळाली, की तो कामाची वाट सोडतो.

आंबेगावात सातगाव पठारावर बटाटा पिकतो. बियाण्याचा बटाटा 2 ते 4 अंशांत ठेवतात. वेफर्सच्या बटाट्याला तेवढी थंडी दिली, तर त्यातील पिठाची साखर होते आणि तळताना तो काळवंडतो. त्याला 10 अंशांच्या वरचीच खोली लागते. द्राक्षाला तर शून्याच्या आसपासची. आणि कांदा? तो आमच्याकडे चाळीत, खालून आणि बाजूंनी वाहणाऱ्या साध्या वाऱ्यावर सुखाने राहतो. ज्याचे त्याचे हवामान ज्याला त्याला, हे आमच्या शेतमालाने तरी मिळविले आहे.

2019 साली भारत सरकारने शीतनाविषयी राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. 2017-18 पासून वीस वर्षांत देशाची गारव्याची मागणी सुमारे आठपट होईल, असा त्यात अंदाज आहे. आठपट यंत्रे, आठपट वीज, हा एक मार्ग. दारे धरणे हा दुसरा. मला दुसऱ्याची बाजू घ्यावीशी वाटते, ती केवळ काटकसरीसाठी नव्हे. पाटाच्या तोंडाशी असलेला शेतकरी गरजेपेक्षा जास्त पाणी घेतो, तेव्हा शेवटच्या टोकाचे शेत कोरडे राहते. डक्टच्या शेवटच्या खोलीतही हवा अशीच अपुरी पोचते. विजेचेही तसेच आहे. शहरात रिकाम्या दिवाणखान्यांना जो गारवा दिला जातो, त्याची वीज कोणत्या तरी पाटाच्या तोंडाशी घेतलेली असते. ज्या बाया उन्हात द्राक्षे तोडून शून्य अंशाच्या खोलीकडे पाठवितात, त्या संध्याकाळी पत्र्याच्या घरात परततात. त्या टोकापर्यंत गारवा अजून पोचलेला नाही. तो पोचावयाचा असेल, तर वरची दारे वेळेवर मिटावी लागतील.