नाशिकच्या झडतींत सांपडलेला रशिया

नाशिककरांस रशियाचें नांव आतां परकें राहिलेलें नाहीं. जवळच ओझर येथें 1964 सालीं सोव्हिएत साहाय्यानें मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला, तेव्हांपासून ही ओळख घरोब्याची झाली. परंतु त्यापूर्वीं अर्धशतकाहून अधिक काळ रशिया या गांवांत एकदां येऊन गेला होता. आणि तोही राजमार्गानें नव्हे, चोरवाटेनें.

1909 सालीं बाबाराव सावरकरांस राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली व त्यांच्या घराची झडती घेण्यांत आली. तींत सांपडलेल्या दोन वस्तूंची नोंद 1918 च्या रौलट समितीच्या अहवालांत आहे. एक, बॉम्ब तयार करण्याच्या कृतीची टंकलिखित इंग्रजी प्रत. दुसरी, युरोपांतील गुप्त मंडळ्यांसंबंधींचें फ्रॉस्टचें पुस्तक, जागोजाग खुणा केलेलें. ती कृति सेनापति बापट व हेमचंद्र दास यांनीं पॅरिस येथील रशियन क्रांतिकारकांपासून मिळविली होती. पुस्तकांत रशियन निहिलिस्टांच्या संघटनेचें वर्णन होतें: लहान लहान गट, आणि प्रत्येकास केवळ आपल्याच गटांतील सोबत्यांची माहिती.

ही विद्या रशियांतूनच कां यावी? पश्चिम युरोपांत पार्लमेंटें होतीं, बोलण्यालिहिण्यास कांहीं मोकळीक होती. रशियन प्रजेला यांपैकीं फारसें कांहींच नव्हतें. तेथील कोट्यवधि शेतकरी 1861 पर्यंत जमीनदारांचे भूदास होते, आणि मुक्त झाल्यावरही कसलेल्या जमिनीची किंमत त्यांनीं 49 वर्षांच्या हप्त्यांनीं फेडावी असें ठरलें. 1874 च्या उन्हाळ्यांत शेंकडों सुशिक्षित तरुण खेड्यापाड्यांत गेले. पण ज्यांच्यासाठीं ते गेले त्यांना त्यांची भाषाच उमगेना, आणि सरकारनें त्यांना तुरुंगांत टाकलें. या निराशेंतून वधाचा मार्ग पत्करणारी गुप्त मंडळी पुढें आली. मार्च 1881 मध्यें तिनें झार दुसरा अलेक्झांडर याचा बॉम्बनें वध केला. दैवगति अशी कीं, त्याच दिवशीं सकाळीं त्यानें लोकप्रतिनिधींचा सल्ला घेण्याच्या एका मर्यादित योजनेस संमति दिली होती. ती योजना त्याच्याबरोबरच लयास गेली, आणि त्याच्या पुत्राचें राज्य अधिकच कठोर झालें.

रशियन जनता पुढें जें शिकली तें निराळें होतें. जानेवारी 1905 मध्यें पीटर्सबर्ग येथें झारकडे अर्ज घेऊन निघालेल्या कामगारांवर गोळ्या झाडण्यांत आल्या. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत आगगाड्या, कारखाने आणि छापखाने एकदम बंद पडले. तेव्हां झारला प्रतिनिधिसभा देणें भाग पडलें. त्या सभेचे अधिकार पुढें पुष्कळ छाटले गेले हें खरें; तथापि बॉम्बनें जें साधलें नव्हतें, त्याचा आरंभ लाखों रिकाम्या हातांनीं केला होता.

आतां योगायोग पाहा. जुलै 1908 मध्यें टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हां मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस संप केला. जिनिव्हांत परागंदा असलेल्या लेनिननें त्याची आपल्या लेखांत आवर्जून दखल घेतली. रशियन माणसास मुंबईंत 1905 दिसलें. नाशिकच्या तरुणांस मात्र रशियांत 1881 दिसत होतें.

21 डिसेंबर 1909 रोजीं विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांस गोळ्या घातल्या. 19 एप्रिल 1910 रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत कान्हेरे, कर्वे व देशपांडे फांशीं गेले. कान्हेरे तेव्हां अवघे अठरा वर्षांचे होते. त्यांच्या धैर्याविषयीं शंका घेणें कृतघ्नपणाचें होईल. वर्तमानपत्रांवर खटले, पुढारी मंडालेस, कविता छापल्याबद्दल बाबारावांस जन्मठेप. अशा स्थितींत उघडी वाट कोणती उरली होती? 1874 नंतर रशियन तरुणांपुढें जी भिंत उभी होती, तीच यांच्यापुढें होती. म्हणून त्यांनीं तिच्याच पायथ्याचें भुयार निवडलें.

पण फ्रॉस्टच्या पुस्तकाची मर्यादा त्याच्या नांवांतच आहे: 1776 ते 1876. 1881 चा वध आणि त्याचें फळ त्यांत नव्हतें. 1905 ही नव्हतें. कृति ताजी होती, पण संघटनेचा जो नमुना खुणा करकरून वाचला गेला तो तेहतीस वर्षांपूर्वींचा होता. परदेशचें उदाहरण आपल्याकडे पोहोंचतें तें बहुधा असेंच, उशिरा आणि अपुरें. आणि त्याची किंमत चुकविणारे नेहमींच आपल्या घरचे असतात.